चढावरचा धूर आणि काट्यावरची रांग

गाळप सुरू झालं की बीदर आणि कलबुर्गीच्या रस्त्यांवर काळा धूर नेमका कुठे दिसणार हे आधीच सांगता येतं. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागतो, ड्रायव्हर गिअर उतरवून ॲक्सिलरेटर दाबतो आणि बॉनेटवर उभ्या असलेल्या सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट उठतो. ट्रकचा धूर मागे राहतो. ट्रॅक्टरचा सायलेन्सर मात्र ड्रायव्हरच्या समोर असतो, त्यामुळे पहिला घास त्याच्याच नाकात जातो. दुसरा जातो मागे मोळ्यांवर बसलेल्या ऊसतोड मजुरांच्या नाकात. हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण असो की आळंद, अफझलपूर; तांड्यावरच्या आणि सीमेपलीकडून आलेल्या टोळ्या हंगामभर हाच धूर घेत असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातला. त्याच गटात तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस आहे.

ज्या उसासाठी हा धूर निघतो, त्याच उसाच्या मळीपासून बनणारं अल्कोहोल डिझेलमध्ये मिसळलं तर धूर कमी होतो, ही गोष्ट इंजिनाच्या अभ्यासकांना गेली चाळीस-पन्नास वर्षं माहीत आहे. मग ते या पट्ट्यात का मिसळलं जात नाही आणि मिसळावं का, हे पाहण्यासारखं आहे. हल्लीखेडचा बीदर सहकारी, हुणजीचा महात्मा गांधी सहकारी, आळंद तालुक्यातलं भुसनूर, अफझलपूर तालुक्यातलं हावळगा, अशी कारखान्यांची नावं इथल्या कुणालाही पाठ असतात. उसाच्या पट्ट्यातलं अल्कोहोल टँकरला सील लागून तेल कंपन्यांच्या डेपोत जातं आणि तिथे पेट्रोलमध्ये मिसळतं. २००३ मध्ये ५ टक्क्यांनी सुरू झालेलं हे मिश्रण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर आलं. पण या भागातली कष्टाची कामं पेट्रोलवर होतच नाहीत. ऊस डिझेलवर येतो, वाडी आणि सेडमचं सिमेंट डिझेलवर जातं, तूर डिझेलवर मोंढ्यात पोचते, विहिरीवरचं जुनं इंजिन डिझेलवर चालतं. देशाचा हिशेबही असाच आहे. २०२३-२४ मध्ये आपण सुमारे ९ कोटी टन डिझेल जाळलं आणि पेट्रोल पावणेचार कोटी टनांच्या आसपास.

अल्कोहोलवर गाड्या चालवण्याची कल्पना या मातीला नवी नाही. बीदर जिल्हा निझामाच्या राज्यात होता तेव्हा त्याच राज्यातल्या बोधनच्या निझाम शुगर फॅक्टरीत पॉवर अल्कोहोल तयार होत असे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, केंद्राने पॉवर अल्कोहोलचा कायदाच केला. १९५६ मध्ये बीदर जिल्ह्याची फाळणी होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर राज्यसीमेच्या एकीकडे आणि भालकी, हुमनाबाद, औराद दुसरीकडे गेले. ऊस दोन्हीकडे वाढला. अल्कोहोल मात्र पेट्रोलचंच राहिलं, कारण पेट्रोलमध्ये ते सहज जिरतं आणि डिझेलमध्ये जिरत नाही.

धूर का होतो, हे समजून घ्यायचं तर पंप-नोझलच्या दुकानात उभं राहावं. हमरस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या गावात असं एखादं दुकान असतंच. टेबलावर हाताच्या दांड्याचं टेस्टर, त्यावर गोल काटा. मेकॅनिक नोझल अडकवतो, दांडा दाबतो, काटा दोनशे किलोच्या आसपास चढतो आणि ‘कुर्र’ असा आवाज होऊन टोकातून धुकं सुटतं. चांगल्या नोझलचं धुकं सगळ्या बाजूंनी सारखं असतं. खराब नोझल एका बाजूला धार मारतं आणि टोकाशी थेंब लोंबतो. तो थेंब म्हणजे काळा धूर. सिलिंडरमध्ये डिझेलची फवार सुटते तेव्हा तिच्या गाभ्यात तेल भरपूर आणि हवा अपुरी असते. तिथे कार्बनला ऑक्सिजन मिळत नाही, त्याची काजळी होते. चढावर ओझं वाढलं की पंप जास्त तेल सोडतो, आत येणारी हवा मात्र तितकीच राहते. त्यामुळे काजळी वाढते.

अल्कोहोलचा उपयोग इथे होतो. इथेनॉलच्या वजनात जवळजवळ ३५ टक्के ऑक्सिजन असतो. डिझेलमध्ये १० टक्के इथेनॉल घातलं तर इंधनात सव्वातीन टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन येतो आणि तो नेमका फवारीच्या गाभ्यात, जिथे हवा पोचत नाही तिथे, पोचतो. म्हणून काजळी मुळातच कमी धरते. जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांवर १०-१५ टक्के इथेनॉल घालून केलेल्या अनेक चाचण्यांत धुराची घनता साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाने घटलेली दिसते आणि ओझं जितकं जास्त तितकी ही घट मोठी असते. म्हणजे उसाचा ट्रॅक्टर चढाला लागतो त्या क्षणी अल्कोहोल सर्वात जास्त उपयोगी पडतं. हा फायदा खरा आहे, त्यात कुठलीही जाहिरातबाजी नाही.

कर्नाटकाने हे करून पाहिलं आहे. २००० नंतरच्या दशकात राज्य रस्ते परिवहन महामंडळाने ७.७ टक्के इथेनॉल आणि ते डिझेलमध्ये टिकवून धरणारं थोडं रसायन घालून आपल्या बसगाड्या चालवल्या. त्या काळात देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे करणारं दुसरं एसटी महामंडळ माझ्या माहितीत नाही. पुढे मार्च २०२३ मध्ये बंगळुरूच्या शहर बसमध्ये १५ टक्के मिथेनॉल मिसळलेलं डिझेल घालून चाचणी सुरू झाली. महाराष्ट्रात नागपूरने याहून धाडसी वाट धरली. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे स्कॅनियाची हिरवी बस आली. ती ९५ टक्के इथेनॉल आणि पेट घ्यायला मदत करणाऱ्या रसायनावर चालत होती, डिझेलचा त्यात थेंब नव्हता. त्यासाठी इंजिनाचं कॉम्प्रेशन साध्या डिझेल इंजिनाच्या दीडपटीहून अधिक, २८ ला १, ठेवावं लागलं. अशा बस स्टॉकहोममध्ये १९८०च्या दशकाच्या शेवटापासून धावत आल्या. नागपुरात मात्र २०१८ मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं. बस चांगली होती, पण तिच्याभोवतीचा करार, देणी आणि कर यांचा मेळ बसला नाही. इंधनाच्या प्रयोगांचं असं होतं. ते इंजिनात फसण्याआधी कागदावर फसतात.

इथेनॉल आणि डिझेल यांचं मात्र इंजिनातही पुरतं जमत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं की डिझेलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रयत्न यशस्वी झाला नाही आणि आता पुण्याची एआरएआय ही संस्था आयसोब्युटेनॉल मिसळून पाहते आहे. वेताळ टेकडीवरची ही संस्था १९६६ पासून देशातल्या गाड्यांचा धूर मोजते, त्यामुळे तिचा निकाल वजनदार असणार. इथेनॉल कुठे अडलं असेल हे पाहायला मात्र पुण्याला जायची गरज नाही. बीदरचा डिसेंबर आणि कलबुर्गीचा मे पुरेसा आहे.

काचेच्या बरणीत ९० मिलिलिटर डिझेल आणि १० मिलिलिटर शुद्ध, पाणीविरहित इथेनॉल घालून हलवलं की दुपारच्या उन्हात मिश्रण स्वच्छ दिसतं. पारा दहा अंशांच्या खाली गेला की तेच मिश्रण गढूळ होतं आणि थोड्या वेळाने दोन थर पडतात. बीदर पठारावर आहे. थंडीत तिथला पारा पहाटे दहाच्या आसपास, कधी त्याखालीही येतो आणि ऊसगाड्या नेमक्या त्याच वेळी निघतात. बरणीत चार थेंब पाणी टाकलं तर थर पडायला थंडीचीही वाट पाहावी लागत नाही. डिस्टिलरीतलं साधं स्पिरिट सुमारे ९५ टक्के असतं, उरलेलं पाणी. ते डिझेलमध्ये धड मिसळतच नाही. साडेनव्याण्णव टक्के शुद्ध इथेनॉल मिसळतं, पण शेतकऱ्याच्या बॅरलमध्ये, ट्रॅक्टरच्या टाकीत, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरायला कितीसा वेळ लागतो? थर पडले की इंजिनाला कधी नुसतं डिझेल मिळतं, कधी नुसतं पाणचट अल्कोहोल. मग गाडी चढावरच बंद पडते. म्हणून अशा मिश्रणात जोडून धरणारं तिसरं रसायन लागतं, आणि त्याचा खर्च वेगळा.

उन्हाळ्याची अडचण निराळी. कलबुर्गीला मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं. दुपारी उन्हात तापलेल्या गाडीच्या डिझेल लाइनमध्ये वाफ धरली की पंपाला एअर धरल्यासारखी गाडी सुरू होत नाही. शिवाय डिझेल पंपाला वंगणही देतं. इथेनॉल पातळ आणि कोरडं असल्याने डिझेलवरच वंगणाची भिस्त असलेल्या रोटरी पंपांची झीज वाढते, जुन्या रबराच्या नळ्या आणि सील फुगतात. इंधनाची पेट घेण्याची तत्परता सिटेन आकड्याने मोजतात. आपल्या डिझेलचा तो किमान ५१ असावा लागतो, इथेनॉलचा आठाच्या आसपास असतो. त्यामुळे मिश्रण उशिरा पेट घेतं आणि इंजिन ठोकतं. शक्तीही घटते. एका लिटर डिझेलमध्ये जितकी ऊर्जा, तिच्या साठ टक्क्यांइतकीच इथेनॉलमध्ये असते, म्हणून १० टक्के मिश्रणावर ॲव्हरेज साधारण चार टक्क्यांनी पडायचं. ट्रॅक्टर मालकाला हे चार टक्के खिशात जाणवतात.

यातली सर्वात धोक्याची बाब मात्र टाकीच्या झाकणाखाली आहे. डिझेलच्या टाकीतल्या मोकळ्या जागेत पेट घेण्याइतकी वाफ नसते. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिथे पेटायला हवा पुरत नाही. इथेनॉल मिसळलेल्या डिझेलच्या टाकीत मात्र नेहमीच्या हवामानातही वाफ आणि हवा यांचं पेट घेणारं प्रमाण जमू शकतं. इथेनॉलची वाफ १३ अंशांनाच ठिणगीने पेट घेते आणि मिश्रणाची पत त्याच्यावरच ठरते. आपल्या पेट्रोलियम नियमांत २३ अंशांखाली पेटणारं इंधन ‘अ’ वर्गात आणि २३ ते ६५ अंशांमधलं ‘ब’ वर्गात येतं. डिझेल ‘ब’ आहे. १० टक्के इथेनॉल घातलं की तेच ‘अ’ होतं. म्हणजे पंपाची टाकी, टँकर, शेतावरचं बॅरल, सगळ्यांची व्यवस्था पेट्रोलसारखी करायची. बॅरलमधून तोंडाने नळी ओढून डिझेल काढणारा माणूस विडी पेटवतो हे या भागात रोजचं आहे. हे मिश्रण त्याच्या हातात कसं द्यायचं?

आता धुराकडे परत येतो, कारण तिथे सांगायची मुख्य गोष्ट अजून राहिली आहे.

ट्रॅक्टरचा सगळा वेळ चढावर जात नाही. कारखान्यावर पोचला की त्याला काट्यावर नंबर लागतो. गाडीतळावर ट्रॅक्टरांची, बैलगाड्यांची, ट्रकांची रांग असते. गव्हाण अडली की रांग आणखी लांबते. दर थोड्या वेळाने चार हात पुढे सरकायचं असतं, म्हणून इंजिनं चालूच राहतात. ओझं नाही, वेग नाही, इंजिन थंडावलेलं. अल्कोहोलच्या मिश्रणाला ही अवस्था मानवत नाही. इथेनॉलला वाफ व्हायला डिझेलच्या तिपटीहून अधिक उष्णता लागते, ती सिलिंडरमधूनच घेतली जाते, आतलं तापमान उतरतं, इंधन उशिरा पेट घेतं आणि अर्धवट जळून बाहेर पडतं. कमी ओझ्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन वाढतात, हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्याबरोबर अल्डिहाइड वाढतात. इथेनॉल अर्धवट जळलं की ॲसिटाल्डिहाइड, मिथेनॉल अर्धवट जळलं की फॉर्मल्डिहाइड. डोळे चुरचुरवणारा, घसा धरणारा तो वास. फॉर्मल्डिहाइडही कर्करोगाच्या पहिल्याच गटात आहे. नायट्रोजनच्या ऑक्साइडचं उत्तर सरळ नाही. थंडावा त्यांना खाली ओढतो, उशिरा आणि एकदम होणारा भडका वर ढकलतो, म्हणून एका इंजिनात ते घटलेले दिसतात आणि दुसऱ्यात वाढलेले.

याचा अर्थ असा की चढावर दिसणारा धूर कमी होईल आणि रांगेत न दिसणारा वायू वाढेल. चढावर ट्रॅक्टरवर एक ड्रायव्हर आणि काही मजूर असतात. रांगेत शेकडो माणसं असतात, बैलगाड्यांखाली झोपलेली मुलं असतात, तिथेच चूल पेटते, तिथेच चहा होतो. धुराचा हिशेब माणसांच्या श्वासाने करायचा असेल तर रांगेला चढापेक्षा जास्त महत्त्व द्यायला हवं.

आपलं पीयूसी मात्र ही रांग पाहतच नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत गाडी न्यूट्रलमध्ये उभी करतात, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतात आणि सायलेन्सरमध्ये घातलेल्या नळीतून धुराचा काळेपणा मोजतात. बीएस-४ गाडीला ५० पर्यंत मुभा, त्याआधीच्यांना ६५. कार्बन मोनॉक्साइड नाही, हायड्रोकार्बन नाही, अल्डिहाइड तर नाहीच. अल्कोहोल मिसळलेलं डिझेल या परीक्षेत चांगल्या गुणांनी पास होईल, कारण परीक्षेत फक्त काळा रंगच विचारला जातो. प्रयोगशाळेतल्या मान्यता चाचणीत बाकीचे वायू मोजतात, पण आपल्या डिझेल गाड्यांच्या उत्सर्जन मर्यादांमध्ये अल्डिहाइडचा रकाना नाही. अल्कोहोलकडे वळायचं असेल तर तो रकाना आधी आला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

नव्या ट्रकांचं चित्र वेगळं आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं तेव्हा मोठ्या गाड्यांच्या काजळीची मर्यादा ०.०२ वरून ०.०१ ग्रॅमवर आली आणि नायट्रोजन ऑक्साइडची ३.५ वरून ०.४ वर. त्यासाठी या गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ आणि युरियाच्या पाण्यावर चालणारी यंत्रणा बसली. सोलापूरकडून उमरगा, हुमनाबादमार्गे हैदराबादला जाणाऱ्या महामार्ग ६५ वर अशा गाड्या आता रोज दिसतात. ढाब्यावर ड्रायव्हर ‘युरिया संपला’ म्हणतो तेव्हा त्याचा शेतीशी संबंध नसतो. या गाडीत काजळी आधीच फिल्टरमध्ये अडते. अल्कोहोल घातल्याने फिल्टर उशिरा भरेल, साठलेली काजळी जाळून तो साफ करायचे रिजनरेशनचे खेळ कमी होतील, एवढाच फायदा. बाहेरच्या हवेत फरक थोडा. बहुतेक ट्रॅक्टरांना मात्र डीपीएफ नाही. जानेवारी २०२३ पासून कडक केलेले नियम ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना आहेत, त्याखालच्यांना नाहीत. म्हणजे अल्कोहोलचा खरा उपयोग तिथे आहे, जिथे यांत्रिक पंप, जुनं रबर आणि उघडं बॅरल आहे. आणि त्याचा खरा धोकाही तिथेच आहे.

आयसोब्युटेनॉलमुळे हा तिढा काही प्रमाणात सुटतो, म्हणून मला त्याबद्दल आस्था वाटते. तेही अल्कोहोलच, पण त्याच्या रेणूत दोनऐवजी चार कार्बन आहेत, त्यामुळे ते डिझेलच्या जवळचं आहे. डिझेलमध्ये ते तिसऱ्या रसायनाशिवाय मिसळतं आणि पाण्याला फारसं जवळ करत नाही. उकळतं १०८ अंशांना. त्याची वाफ पेटते २८ अंशांच्या आसपास, म्हणजे ‘अ’ वर्गाच्या रेषेच्या वर, थोडक्यातच का होईना. १० टक्के मिश्रणावर ॲव्हरेज अडीच टक्क्यांच्या आसपास पडेल. ऑक्सिजन मात्र २२ टक्क्यांच्या आतच, म्हणून काजळी इथेनॉलइतकी घटणार नाही, आणि सिटेनची खोट त्यालाही आहेच. ते उसापासून बनवता येतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने अमेरिकेतल्या जेव्हो कंपनीबरोबर त्यावर काम केलं आहे. पण साध्या यीस्टने रस आंबवला की इथेनॉलच मिळतं. आयसोब्युटेनॉलसाठी बदललेलं यीस्ट आणि डिस्टिलरीत वेगळी जोडणी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने मनाई झाली आणि पुढच्या वर्षी ती उठली. ही आठवण ताजी असताना कुठला कारखाना या जोडणीवर पैसा घालेल, हा प्रश्न इंजिनापेक्षा अवघड आहे.

उसाच्या पाण्याचा प्रश्नही यात आहे, आणि तो दोन वाक्यांत मिटणारा नाही. मांजरा खोऱ्यात उसाला पाणी गेलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सीमेच्या दोन्ही बाजूंना आठवतं. एका लिटर अल्कोहोलमागे दहा लिटरच्या आसपास स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतं; ते जाळावं किंवा आटवावं लागतं. डिझेलमधल्या अल्कोहोलने किती काजळी वाचली याचा ताळेबंद मांडताना ही बाजू सोडता येणार नाही. माझं मत इतकंच, की आज डिस्टिलऱ्यांत जे अल्कोहोल तयार होतंच आहे त्यातलं थोडं इथल्याच डिझेलसाठी वापरून पाहायला हरकत नाही. त्यासाठी उसाचं क्षेत्र मात्र वाढू नये.

वापरून पाहायचं तर ते इथे पाहावं. चाचणीचं इंजिन टेस्ट बेडवर ठरलेल्या ओझ्यांवर चालतं; उसाचा ट्रॅक्टर पहाटेच्या थंडीत सुरू होतो, ओझ्याने चढ चढतो आणि मग तासन्‌तास रांगेत गुरगुरत राहतो. एका गाळप हंगामात एखाद्या कारखान्याच्या वाहतूक ट्रॅक्टरांपैकी काही साध्या डिझेलवर आणि काही १० टक्के आयसोब्युटेनॉलवर चालवून त्यांचा चढावरचा धूर, रांगेतला कार्बन मोनॉक्साइड आणि अल्डिहाइड, पंपाची झीज आणि ॲव्हरेज असं सगळं मोजता येईल. बीदर आणि कलबुर्गीत इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, धूर मोजायची यंत्रं आहेत, या भागाच्या वेगळ्या परिवहन महामंडळाचं मुख्यालय कलबुर्गीतच आहे. आणि तोपर्यंत कुणी टँकरवरून, डिस्टिलरीच्या ओळखीतून स्पिरिटचा डबा मिळवून आपल्या ट्रॅक्टरच्या टाकीत ओतू नये. त्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते पंप खातं, आणि टाकीच्या झाकणाखाली पेट घेणारी वाफ साठते.